मॉनिटरकडे बघणार कोण?



गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण ठरवलं की यंदाच्या मदतनिधीतून तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाला पाच कार्डिॲक मॉनिटर आणि एक ईसीजी मशीन द्यायचं. ठराव 'जवळजवळ एकमताने' संमत झाला असं इतिवृत्तात लिहिलं आहे. त्यातला 'जवळजवळ' माझ्यामुळे आहे. माझा हात वर गेला नाही, आणि का गेला नाही ते मला मिळालेल्या तीन मिनिटांत नीट सांगता आलं नाही. संपादक म्हणाले, लिहून द्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीच सांगते, यंत्रांना माझा विरोध नाही. माझं पोट त्याच यंत्रांच्या सोबतीने भरलं आहे. आपल्या मंचावर डॉक्टर पुष्कळ आहेत, इंजिनिअर मोजायची सोय नाही, नर्स मात्र मी एकटी. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून दहावी, मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात जीएनएमचा कोर्स, १९९४ साली इकडे पेनसिल्व्हेनियात. बावीस वर्षं हृदयरोगाच्या वॉर्डात काढली आणि आता एका कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हृदय आणि रक्ताभिसरणाचे विकार शिकवते. त्यामुळे या एका विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असं समजते.

माझं म्हणणं थोडक्यात असं : मॉनिटर द्यायचे असतील तर जरूर द्या, पण त्याच्याकडे बघणाऱ्या मुलीला जर कोणी 'का?' शिकवलं नसेल, तर ते यंत्र म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. आणि शिकवण्यासाठी पैसे द्यायला आपल्यातलं कोणी पुढे येत नाही.

आत्याची गोष्ट

२०११ साली माझी आत्या गेली. वय अडुसष्ट, बीपी आणि डायबेटिस जुने, त्याआधी तीन वर्षं एक हार्ट अटॅक येऊन गेलेला. दोन-चार दिवस जेवण जात नव्हतं, चालताना दम लागत होता. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. आपल्याकडची समजूत तुम्हांला ठाऊकच आहे, "सलाईन लावा म्हणजे ताकद येईल." गावाजवळच्या एका रुग्णालयात दाखल केलं, आणि दुपारपासून सलाईन सुरू झालं.

रात्री तिला झोपता येईना. ती खाटेच्या कडेला पाय खाली सोडून, पुढे वाकून बसली. सोबतीला आतेभाऊ होता. त्याने मला नंतर सांगितलं, ती सारखी म्हणत होती, "मला आडवी करू नका रे." रात्रपाळीला तीसेक पेशंटांमागे एक मुलगी होती, नर्सिंगची विद्यार्थिनी. पहाटे राऊंड होणार, पेशंट खाटेवर नीट दिसले पाहिजेत, असं तिला वरून सांगितलेलं. तिने आत्याला समजावून, उशी काढून सरळ झोपवलं. डोक्यावर मॉनिटर होता. तो सारखा वाजत होता म्हणून कोणीतरी त्याचा आवाज बंद केला होता. पाचच्या सुमारास आत्या गेली.

मी आठवड्याने पोचले. केसपेपर मागून घेतले. रात्री अडीचच्या नोंदीत त्या मुलीने अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'ऑर्थोप्निया प्रेझेंट'. म्हणजे आडवं झाल्यावर दम लागतो, बसल्यावर बरं वाटतं. तिने लक्षण ओळखलं होतं, त्याचं नावही बरोबर लिहिलं होतं, आणि मग पेशंटला आडवं केलं होतं.

मी तिला भेटले. एकोणीस वर्षांची, भेदरलेली पोर. मी ओरडायला गेले नव्हते. हार्ट फेल्युअरची लक्षणं विचारली तर तिने बारा लक्षणं क्रमाने, न अडखळता म्हणून दाखवली. ऑर्थोप्निया चौथं. मी विचारलं, "ऑर्थोप्निया म्हणजे काय गं? तो का होतो?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ते लक्षण आहे."

आत्या तशीही वाचली असती का, मला सांगता येत नाही. तिचं हृदय थकलेलंच होतं. पण तिचे शेवटचे दोन तास ज्या पद्धतीने गेले, तसे जायला नको होते. त्या मुलीचा मला कधीच राग आला नाही. मी स्वतः मुंबईत अशीच शिकले होते. वही इंग्रजीत, पाठांतर इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, आणि डोक्यात विचार मराठीत. या दोन्हींची गाठ कोणी घालूनच दिली नव्हती.

यादी पाठ करणं आणि समजणं

वर्गात मी पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना सांगते तेच तुम्हांला सांगते. हृदयाचे नेहमीचे विकार म्हणजे चार गोष्टींची गडबड : पंप, पाईप, झडपा आणि वायरिंग. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना ही भाषा आवडेल. या चारांच्या जोडीला पाचवी गोष्ट म्हणजे पाईपातला दाब, आपलं बीपी. ते वर्षानुवर्षं गुपचूप बाकीच्या चारांची वाट लावत असतं.

आधी पंप. निरोगी माणसाचं हृदय स्वस्थ असताना मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. हार्ट फेल्युअर म्हणजे ते बंद पडणं नव्हे, थकणं. डावी बाजू थकली की पुढे न गेलेलं रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, त्यातलं पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत येतं, आणि दम लागतो. आता माणूस आडवा झाला की पायातलं, पोटातलं रक्त आपसूक हृदयाकडे धावतं. थकलेल्या पंपावर जास्तीचा बोजा, फुप्फुसात आणखी पाणी. पाय खाली सोडून बसलं की तेच रक्त पायात थोपून राहतं आणि पंपाला उसंत मिळते. आत्याचं शरीर स्वतःच स्वतःवर उपचार करत होतं. हे ज्या मुलीला एकदा समजलं, ती जन्मात असा पेशंट सरळ झोपवणार नाही. बारा लक्षणं पाठ नसली तरी चालेल.

आणि सलाईन? एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं जेवण अळणी करायचं आणि शिरेतून मीठ-पाणी भरायचं, यातली विसंगती ज्याला 'का' कळतं त्यालाच दिसते. ती दिसली तर सिस्टर निदान डॉक्टरांना फोन करून विचारेल, "सर, हे सलाईन चालू ठेवायचं का?" कित्येकदा एवढ्या एका प्रश्नावर जीव वाचतो.

याच पेशंटसाठी वॉर्डातलं सगळ्यात उपयोगी यंत्र कोणतं माहीत आहे? वजनकाटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच कपड्यांवर वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसायच्या आधी काटा सांगतो. मी पाहिलेल्या कित्येक वॉर्डांत मॉनिटर होते, काटा नव्हता.

दुसरे पाईप. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत चरबीचा थर असतो, तो फाटतो, त्यावर गुठळी धरते, आणि पुढचा स्नायू उपाशी मरायला लागतो. हा हार्ट अटॅक. सिनेमातल्यासारखा प्रत्येक जण छाती धरून कोसळत नाही. डायबेटिसवाल्यांना आणि पुष्कळ बायकांना नुसता घाम फुटतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, कधी नुसता दम लागतो. "सिस्टर, गॅस झालाय, गोळी द्या" हे वाक्य वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत रोज ऐकू येतं. गोळी द्यायची की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा, हे त्या क्षणी तिथे उभी असलेली सिस्टर ठरवते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटका नाही, दुखणं चालू असेल तर पुन्हा काढायचा, हेही तिलाच ठाऊक असावं लागतं. कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो.

पाईप पायातलेही असतात. इथे एक गंमत बघा. रोहिणी तुंबलेला पाय थंडगार असतो, चाललं की पोटरी भरून येते, आणि उशीवर उंच ठेवला तर दुखणं वाढतं. तंबाखू-विडीवाल्यांत आणि डायबेटिसवाल्यांत असे पाय फार. उलट नीला, म्हणजे अशुद्ध रक्ताची शीर बिघडली तर पाय जड होतो, सुजतो, आणि उंच ठेवला की बरं वाटतं. पाय वर ठेवायचा की खाली, हे न कळता 'पाय दुखतोय ना, उशी द्या' केलं तर एकाला औषध आणि दुसऱ्याला अपाय.

सुजेचंही तसंच. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा विचार करा. एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखायला लागली, तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते. आपल्याकडे काय करतात? तेल लावून पाय चोळून देतात! ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. नातवंडं बघायला वीस-बावीस तासांचा विमानप्रवास करून येणारे आपले आई-वडील डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा विषय फक्त नर्सिंगच्या मुलींचा नाही हे पटेल.

तिसऱ्या झडपा. इकडच्या पाठ्यपुस्तकात संधिवाताने होणारा झडपांचा विकार पानभरात आटपतो, कारण इकडे तो आता क्वचित दिसतो. भारतात तसं नाही. लहानपणी जंतूंमुळे घसा दुखतो, नीट उपचार होत नाहीत, मग शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. झडप हळूहळू आखडते. मुलगी मोठी होते, लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि अरुंद झडपेतून ते पुढे जाईना की तिला पहिल्यांदा दम लागतो. "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून सोडून द्यायचं, की नाडी बघायची, छाती ऐकायला डॉक्टरांना बोलवायचं? हे ठरवणारी बहुतेक वेळा उपकेंद्रातली सिस्टरच असते. आणि संधिवाताचा झटका येऊन गेलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. 'ताप तर नाही, मग इंजेक्शन कशाला?' असं पोराच्या आईने विचारलं तर तिला पटेल असं उत्तर सिस्टरपाशी हवं, नाहीतर ती पुन्हा येत नाही.

चौथं वायरिंग. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरायला लागले की त्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत जाते, आणि पक्षाघात होतो. धोका साधारण पाचपट. हा विकार ओळखायला दोन बोटं आणि एक घड्याळ पुरतं, कारण नाडी पूर्णपणे अनियमित असते. पण घाईत पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की आकडा मिळतो, अनियमितपणा निसटतो. पूर्ण एक मिनिट का मोजायचं, हे माझे इकडचे विद्यार्थीही पहिल्या महिन्यात विचारतात.

आणि पाचवं बीपी. पट्टा लहान पडला तर बीपी खोटंच जास्त येतं. हात लोंबकळत असला, पेशंट बोलत असला, लघवी तुंबलेली असली तरी जास्त येतं. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकवायची, हात छातीच्या पातळीत आधारावर ठेवायचा. अख्ख्या वॉर्डाला एकच पट्टा असेल तर दंड जाड असलेल्या बाईला नको ती गोळी सुरू होते. भारतात २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याची मदार साध्यासुध्या गोष्टींवर आहे : ठरलेली मोजकी औषधं, नीट मोजलेलं बीपी, आणि पेशंट परत आला का याचा पाठपुरावा. मोजणारे आणि पाठपुरावा करणारे हात बहुतांशी नर्सेसचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे.

फिलाडेल्फियात काय झालं होतं

'यंत्र आलं की लोक वाचायला लागतात' असं आपल्याला वाटतं. या समजुतीची परीक्षा माझ्या घरापासून तासाभरावर, फिलाडेल्फियात साठ वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

१९६० पर्यंत हार्ट अटॅकचा पेशंट रुग्णालयात आला की त्याला कुठल्यातरी वॉर्डात आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. सुमारे ३० टक्के दगावत, त्यातले पुष्कळ जण ठोके अचानक बिघडून. विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करता येतात हे तोवर कळलं होतं. पण डॉक्टरला शोधून आणेपर्यंत उशीर व्हायचा. १९६१ साली डेस्मंड ज्युलियन यांनी अशा पेशंटांना एका जागी आणून त्यांच्यावर अखंड लक्ष ठेवायची कल्पना मांडली. पुढच्या एक-दोन वर्षांत फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि नर्स रोझ पिनिओ यांनी असा विभाग उभा केला. मेल्ट्झर यांनी ओळखलं की नुसता मॉनिटर लावून भागणार नाही. पेशंटपाशी चोवीस तास असते ती नर्स. ठोका बिघडला हे तिला पडद्यावर ओळखता आलं पाहिजे, आणि डॉक्टर यायच्या आत झटका देण्याची मुभा तिला असली पाहिजे. तेव्हा ही कल्पना पुष्कळ डॉक्टरांना धक्कादायक वाटली. ईसीजी वाचणं हे डॉक्टरांचं काम, नर्सने उशा झटकाव्यात, असा तो काळ. मेल्ट्झर आणि पिनिओ यांनी नर्सेसना शिकवलं, आणि १९६५ साली सहकाऱ्याच्या जोडीने खास नर्सेससाठी पाठ्यपुस्तकच काढलं. असे विभाग पसरले तसं रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

म्हणजे यंत्राने जीव वाचवले ते शिकलेल्या आणि अधिकार दिलेल्या नर्सच्या हातात आल्यावर.

याच राज्यातला पुढचा पुरावा. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्समागे एकेक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. २००३ साली त्यांनी दाखवलं की पदवीपर्यंत शिकलेल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर ती शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. आत्याच्या रात्री तीसेक पेशंटांमागे एक विद्यार्थिनी होती. हिशेब तुम्हीच करा.

आपल्याला नर्स का दिसत नाही?

आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो म्हणून हा प्रश्न विचारते. फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली त्या इथून डॉक्टर झाल्या, आपण त्यांची आठवण काढतो, काढलीच पाहिजे. पण पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू करणाऱ्या रमाबाई रानड्यांनी लोकांची बोलणी खाऊन विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? सावित्रीबाईंना आपण शिक्षिका म्हणून वंदन करतो. त्या १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या, हे भाषणाच्या शेवटच्या वाक्यात येतं.

शुश्रूषा म्हणजे परक्याचं मलमूत्र, थुंकी, रक्त. आपल्या समाजाने हे काम विटाळाचं ठरवलं आणि ज्यांना पर्याय नाही त्यांच्याकडे ढकललं. डॉक्टर होणं प्रतिष्ठेचं, नर्स होणं नाइलाजाचं. मी नर्स आहे म्हटल्यावर याच मंचाच्या गणपतीत, अगदी प्रेमाने, "अहो, मग पुढे डॉक्टर का नाही झालात?" असं मला किमान दहा जणांनी विचारलं आहे. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण हीच नजर निधी वाटताना काम करते. मॉनिटरवर पाटी लावता येते, उद्घाटनाचा फोटो निघतो. पूर्ण एक मिनिट नाडी मोजणाऱ्या मुलीचा फोटो काय काढणार?

दोन आक्षेप

बैठकीत एक आक्षेप आला, "आपण शिकवायचं आणि त्या मुली गल्फला नाहीतर इंग्लंडला निघून जायच्या." मंडळी, हे वाक्य आपण कुठे बसून म्हणतो आहोत? आयआयटी आणि सरकारी मेडिकल कॉलेजं आपल्यावर खर्च करताना हाच विचार करत बसली असती तर आपला मंच कुठे असता? काही जातील, हे खरं आहे. मीही गेले. पण बहुतेक जणी तिथेच, त्याच जिल्ह्यात राहतात, आणि तीस वर्षं रात्रपाळ्या करतात.

दुसरा आक्षेप डॉक्टर मित्रांचा, "नर्सने निदान करायला लागलं तर गोंधळ होईल." मी निदान करा म्हणतच नाही. पेशंटला बसवणं, वजन करणं, ईसीजी काढणं, आणि "सर, मला हे बरं दिसत नाही, लगेच या" असं ठामपणे सांगणं, यात कोणाच्या अधिकारावर गदा येते? उलट ज्या सिस्टरला 'का' कळतं ती तुम्हांला रात्री तीनला विनाकारण उठवत नाही, आणि उठवते तेव्हा तुम्ही धावत जाता. बरीच वर्षं वॉर्डात काढलेले तुम्ही सगळे हे जाणता.

मग करायचं काय?

माझी सूचना साधी आहे. पाचऐवजी तीन मॉनिटर घेऊ. ईसीजी मशीन जरूर घेऊ. उरलेल्या पैशांत पुढील गोष्टी बसतात असं मला वाटतं.

एक, त्या रुग्णालयाशी जोडलेल्या नर्सिंग शाळेत एका अनुभवी शिक्षिकेचा वर्षभराचा पगार. ती वर्गात नाही, वॉर्डात शिकवेल, पेशंटच्या खाटेपाशी उभी राहून.

दोन, प्रत्येक वॉर्डाला एक वजनकाटा आणि बीपीचे लहान, मध्यम, मोठे असे तीन पट्टे. याचा खर्च ऐकून तुम्ही हसाल.

तीन, हृदयविकारांवर सोप्या मराठीत टिपणं. परीक्षा इंग्रजीत असेल तर असू दे, संज्ञा इंग्रजीच ठेवू. पण 'का' मात्र त्या मुलीला तिच्या भाषेत कळू दे. ही टिपणं मी लिहायला बसलेही आहे. पहिल्या प्रकरणाचं नाव 'आडवं झाल्यावर दम का लागतो?'

चार, आपल्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी महिन्यातून एक तास द्यावा. इंटरनेटवरून वर्ग घेता येतो, भारतात शनिवारी संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. अट एकच, वर्ग चालवेल नर्स, आणि मुलींनी प्रश्न विचारल्यावर 'हे तुम्हांला कळायची गरज नाही' असं कोणी म्हणायचं नाही.

हे सगळं परोपकारापोटी आहे असंही समजू नका. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासातून २००७ साली दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र जवळपास ५९ व्या. आपले भाऊ-बहिणी, चुलते, मामा त्याच जिल्ह्यांतल्या त्याच वॉर्डांत जाणार आहेत. रात्री अडीच वाजता आपण इकडून फोनवर असू, आणि खाटेपाशी ती एकोणीस वर्षांची मुलगी असेल. तिला काय ठाऊक आहे, यावर सगळं अवलंबून राहील.

पुढच्या बैठकीत मी ही दुरुस्ती मांडणार आहे. नियमाप्रमाणे एक अनुमोदक लागतो. कोणी तयार असेल तर कृपया कळवा. विरोध करायचा असेल तर तोही आधी कळवा, म्हणजे आकडे घेऊन येते.

आपली,
मंचावरची एकटी नर्स

ता. क. : आई-वडील इकडे आले असतील तर आज रात्री सहज विचारा, "झोपताना किती उशा लागतात?" पूर्वी एक लागायची आणि आता तीन लागत असतील, तर उशा बदलू नका, डॉक्टरांना फोन करा.